न दुखणारी जागा

आईच्या शेवटच्या धड दिवशी आमच्या घरभर लाल पावलं उमटली होती आणि ती आम्ही भिरंडांची म्हणून पुसून टाकली.

मे महिना संपत आला होता. इब्रामपूरला आमच्या घरामागे भिरंडाची, म्हणजे कोकमाची, दोन जुनी झाडं आहेत. त्या वर्षी ती इतकी लागली होती, की मागच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. आई, माझी भावजय विनोदिनी आणि मी फळं फोडत बसलो होतो. बिया एकीकडे, सालं मिठात, रस खालच्या भांड्यात. तिघींचे हात मनगटापर्यंत लाल. रेडिओवर सकाळपासून एकच बातमी होती, की गोवा आता घटक राज्य होणार.

मी डिचोलीच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते, तिथेच खोली घेऊन राहते आणि सुट्टीत घरी येते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्या वर्षी मराठीवाल्यांचा चहा वेगळा आणि कोकणीवाल्यांचा वेगळा होत असे. आईला हे सांगितल्यापासून तिला चिडवायला विषय मिळाला होता.

"आता राज्य कोकणीचा जाला," ती म्हणाली. "तुका मराठीतून बेडूक कापूक देतले मगो, सुमंगल?"

"बेडूक कोकणीतच आराडता, आई," विनोदिनी म्हणाली, आणि दोघी सासू-सुना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मिठातली सालं अंगणात वाळत घालायला आईच उठत होती. आम्हाला ती उठू देत नसे. आत-बाहेर, आत-बाहेर, तिच्या आठ-दहा खेपा झाल्या असतील. दुपारी विनोदिनी पाणी आणायला आत गेली आणि हसतच परतली. आई भिरंडं पायांनी फोडतात काय, असं तिने विचारलं. सारवलेल्या जमिनीवर, पडवीपासून चुलीपर्यंत, लाल ठसे होते. आईनेही आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पायांवर रस वाळलेला होता. ती हसली. विनोदिनीने स्वयंपाकघरातले ठसे पुसले, मी माजघरातले. पुसताना मला ते जरा चिकट लागले. रसात मीठ असतं, ते चिकटायचंच, असं मी स्वतःशी म्हटलं. ठसे एकाच पायाचे होते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

काजूच्या दिवसांत अंगणाच्या कडेला एक गरांव, दारू भरायची मोठी काचेची बाटली, फुटला होता. त्याची एक काच आईच्या उजव्या टाचेत अर्ध्याहून अधिक गेली होती आणि ती तिच्यावर चालत होती. संध्याकाळी तिने नेहमीसारखा बिनसाखरेचा काळा चहा घेतला, गोकुळदासाला, माझ्या भावाला, ट्रक जपून चालव म्हणून सांगितलं आणि झोपली.

दोन दिवसांनी ताप आला. जांघेत गाठ आली. मी तिचा पाय मांडीवर घेतला तेव्हा काच दिसली, आणि तिच्याभोवतीचं मांस काळं पडलेलं. काच काढताना मीच डोळे मिटले. आई माझ्याकडे कुतूहलाने बघत होती.

म्हापशाहून तिला मोठ्या इस्पितळात हलवलं. विष रक्तात गेलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरने पायाआधी तिचा हात हातात घेतला, वाकलेली करंगळी सरळ करून पाहिली, कोपराच्या मागे बोटाने चाचपलं, आणि माझ्याकडे पाहिलं. गोकुळदास शेजारी उभा होता. तो औषध आणायला गेला तेव्हा डॉक्टरने हळू आवाजात एवढंच विचारलं, की घरातल्या बाकीच्यांना तपासलं आहे का.

मी मान हलवली. होय आणि नाही यांच्या मधली ती मान होती. आई आठवडाही काढू शकली नाही.

"साखरेन नेल्यान," असं कृष्णनाथकाकाने, बाबांच्या धाकट्या भावाने, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात शब्द काकाचा. लोक माना डोलवत. साखरेच्या माणसाच्या पायाला जखम झाली की ती भरत नाही, हे आता सगळ्यांनाच ठाऊक असतं. मी भिंतीला टेकून बसायचे आणि ऐकायचे.

आईला साखर कधीच नव्हती.

चार वर्षांपूर्वी काजूच्या हंगामात मी घरी आले होते. आमच्या भागात बिया उघड्यावर भाजतात आणि बायका त्या गरम असतानाच फोडून गर काढतात. टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी काळी पडते, सोलते, पुन्हा जाड येते. ज्यांनी जन्मभर हे केलं, त्यांच्या बोटांना बारीकसारीक कळत नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. आईचे हात तर गावात प्रसिद्ध होते. चुलीबाहेर पडलेला निखारा ती दोन बोटांनी उचलून आत टाकायची. पद्मावतीच्या हाताला आग ओळखते, असं शेजारणी म्हणायच्या आणि आई खूश व्हायची.

त्या दिवशी तिने निखारा उचलला आणि खाली ठेवायची विसरली. कुणाशी तरी बोलत होती. वास आला तेव्हा मी धावले.

मी दरवर्षी वर्गात शिकवते: गरम वस्तूला बोट लागलं, की हात आधी मागे येतो आणि "आई गं" आपण नंतर म्हणतो. बातमी मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच पाठीच्या कण्यातून हुकूम सुटलेला असतो. त्याला विचार लागत नाही, धैर्य लागत नाही. आईचा हात मागे आला नव्हता. मी तिचं कोपर चाचपलं. टेबलाच्या कडेला आपटलं की झिणझिणी येते ती तिथली नस, सुतळीसारखी जाड लागली. हे मी पुस्तकात वाचलं होतं. काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं आणि मी मोठ्याने म्हटलं, "काजूचं तेल लागून लागून हाताची काय दशा झालीय बघ."

म्हापशाच्या डॉक्टरांनी मात्र नाव घेतलं. बरा होणारा रोग आहे, औषध सुरू झालं की तो दुसऱ्याला लागत नाही, असंही सांगितलं. पण मेलेली नस परत येत नाही. तळपाय रोज तपासायचे. मऊ रबराच्या चपला घालायच्या, घरातसुद्धा. आणि घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवायला आणायचं. मी स्वतःला तिथेच तपासून घेतलं.

परतीच्या बसमध्ये आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढून ठरवून टाकलं. विनोदिनीला घरात येऊन वर्षच झालं होतं. कळलं तर ती हळर्णला माहेरी जाईल ती परत येणार नाही, आणि गोकुळदासाच्या वाट्याला रिकामं घर येईल. विहिरीवर कोण पाणी भरू देईल? देवळाच्या पायरीवर कोण बसू देईल? गोळ्या साखरेच्या आहेत असं सांगायचं. मी विरोध केला नाही. विरोध करावा असं मला वाटलंही नाही. मला हायसं वाटलं होतं.

खोटं बोलायला सोपं होतं, पाळायला कठीण. आईला गोड जिवापाड आवडायचं. चवथीच्या नेवऱ्या, मणगणं, डिचोलीच्या बाजारातले लाडू, सगळं त्या दिवसापासून बंद झालं. विनोदिनीची आई तिच्यासाठी मुद्दाम बिनगुळाची पातोळी वेगळी काढून पाठवायची, आणि आई ती सगळ्यांसमोर खाऊन वर चांगली झालीय म्हणायची. औषधाने तिचा चेहरा तांब्यासारखा काळवंडला, तर ते उन्हाने झालं. त्या काळ्या मऊ चपला पाहून कुणीही ओळखलं असतं, म्हणून त्या ट्रंकेत राहिल्या. तळपाय बघायला मी एक युक्ती काढली होती: सुट्टीत घरी आले की मी तिच्या पायांना तेल चोळायचे. मुलगी आईचे पाय चोळते याचं गावाला कौतुक. ज्या दिवशी भिरंडं फोडली त्या संध्याकाळी आम्ही दमलो होतो. तेल राहिलं.

एकदा तेल चोळताना तिने विचारलं होतं, मला कळत कसं नाही ते सांग. वर्गात मी मुलांना नस म्हणजे विजेची तार असं सांगून मोकळी होते. पण ते खरं नाही. तारेतून वीज सरळ धावते. नसेत तसं होत नाही. म्हणून मी तिला दुसरं सांगितलं. ती लहान असताना डिचोलीकडे नदीच्या धक्क्यावर कोल्हापूर-बेळगावकडची माणसं रांगेत उभी राहून खनिजाच्या पाट्या हातोहात बार्जवर चढवायची. जागचं कुणी हलत नसे, पाटी मात्र धक्क्यावरून बार्जपर्यंत जायची. नसेतही तसंच. तिच्या बाहेर एक मीठ जास्त असतं, आत दुसरं. बोटाला काही लागलं, की त्या जागची बारीक दारं उघडतात, बाहेरचं मीठ आत घुसतं, आणि तेवढ्या जागेत वीज पालटते. त्या धक्क्याने पुढची दारं उघडतात. मग त्यापुढची. प्रत्येक जागेला ती पाटी नव्याने उचलावी लागते. मोठ्या नसांना वर एक आवरण असतं, त्यामुळे बातमी उड्या मारत जाते. हा रोग त्या आवरणातच घर करतो.

"म्हणजे मदली माणसां बसली," आई म्हणाली.

मी होय म्हटलं.

"आणि ह्या टोकाची अजून पाटी घेवन उबी."

ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मी विषय बदलला.

त्या वर्षी आम्ही घरात बोलतो ती भाषा कोणती आणि कागदावर लिहितो ती कोणती, यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. आईच्या रोगाला दोन्हींत नावं होती. आमच्या घरात तो कोणत्याच भाषेत नव्हता.

बाराव्याला नातेवाईक जमले. स्वयंपाकघरात बायका, बाहेर पुरुष. आईच्या नावाचं पान वाढताना वाद निघाला. सुशीलामावशीचं, आईच्या बहिणीचं, म्हणणं होतं की गोड वाढू नये, तिला ते चालत नव्हतं. काका दारातूनच म्हणाला, की देह गेला तशी साखरही गेली, आता तिला पोटभर मणगणं वाढा. सगळे हसले, आणि हसता हसता मावशीला रडू आलं. मणगण्याचं भांडं मीच वाकून घेतलं, माझा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून. चार वर्षं ती ज्यासाठी तरसली ते मी केळीच्या पानावर, तिच्यासाठी नव्हे तर तिच्या नावासाठी, वाढत होते.

मी मागे वळले तेव्हा विनोदिनी चुलीपाशी होती. भाताचा मोठा टोप कलता करून ती पेज काढत होती. उजव्या हातात डाव, आणि डावा हात कोपराखाली टोपाच्या काठाला टेकलेला. ती मावशीशी बोलत होती. अण्णा शेट्याच्या म्हशीला जुळं झालं, असं काहीतरी. बोलत राहिली. हात मागे आला नाही.

मी तिला खेचलं. हाताच्या आतल्या बाजूला लाल पट्टा उठला होता. तिथेच, कोपराखाली, तळहाताएवढा एक फिकट डाग होता, कोरडा, त्यावर लव नव्हती.

"काय गो बाय, भियेवलंय मी," ती म्हणाली. मग हाताकडे पाहून तिलाच नवल वाटलं. "बघ, कळूक पण नाय माका. गेल्या वर्साक काजूचा तेल उडला थंय. तेव्हापासून तितकी जागा मेलीच आसा. आईंचोच हात जालो माजो."

हे ती अभिमानाने म्हणाली.

समईसाठी वळलेल्या वाती ताटलीत पडल्या होत्या. मी त्यातली एक घेतली, तिचं टोक पिंजलं आणि तिला माजघरात नेलं. मावशी काय चाललंय म्हणून मागोमाग आली. मी विनोदिनीला डोळे मिटायला सांगितले आणि कापूस लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेव म्हटलं. मनगटावर लावला, तिने बोट ठेवलं. दंडावर लावला, ठेवलं. तिला तो खेळ वाटत होता. मग मी डागावर कापूस टेकवला. ती डोळे मिटून, मान वर करून, हसत थांबली होती. मी कापूस फिरवला. थोडा दाबला.

"लाव की गो," ती म्हणाली. "किती वेळ?"

मी हात मागे घेतला.

मी तिला म्हटलं, की उद्या माझ्याबरोबर म्हापशाला चल, एक डॉक्टर आहेत, त्यांना हा डाग दाखवू. ती म्हणाली, डागासाठी कोण म्हापशाला जातं, घरात इतकी माणसं, भांडी परत करायची आहेत. मग पुढच्या आठवड्यात, मी म्हटलं. तोवर गोकुळदास आत आला होता. पेरणीच्या तोंडावर कुणी घर सोडून जातं का, असं तो म्हणाला. पावसाळा संपला की बघू. पावसाळा संपेपर्यंत करंगळी वाकली असती, नाहीतर नसतीही. मला ठाऊक नव्हतं. आईची कधी वाकली तेही मला ठाऊक नव्हतं, मी पाहिली तेव्हा ती वाकलेली होती.

मी पुन्हा खोट्याकडे वळले. ती वाट माझ्या पायाखालची होती. म्हटलं, आईला साखर होती, साखरेने असंच बधिर होतं, म्हणून तपासून घ्यायला हवं.

विनोदिनी खरोखर हसली. तिने माझ्या गालाला हात लावला. "साखर रक्तान येता मगो, बाय? तुज्या न् ह्यांच्या रक्तान आसा ती. माका कशी येतली? मी हळर्णची." मग माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "तूच दाखवन् ये कशी."

बरोबर होतं तिचं. आईने आणि मी मिळून बांधलेलं खोटं इतकं पक्कं होतं, की त्यातून तिच्यापर्यंत जायला वाटच नव्हती. साखर म्हटलं की ती सुटली. तिला वाचवायचं तर साखर आधी मोडायला हवी होती, आणि ती मोडली की आई उघडी पडत होती, बाराव्याच्या दिवशी, तिचं पान बाहेर मांडलेलं असताना. विनोदिनी माहेरी जाईल. काका भांडी वेगळी करील. डिचोलीत, माझ्या खोलीच्या मालकिणीला, शाळेत, सगळीकडे कळेल. हे सगळं मी त्या क्षणी मोजलं, आणि सगळ्यात आधी मालकिणीचा विचार केला. त्याची मला आजही लाज वाटते.

काका दारात येऊन उभा राहिला. माणसं पानावर बसायची खोळंबली आहेत, तुम्ही इथे काय डॉक्टर-डॉक्टर खेळता, असं तो म्हणाला. विनोदिनी पदर सारखा करून निघाली. चुलीकडेच निघाली होती, त्याच टोपाकडे. मी तिचा हात धरला, डागावरच, आणि तिला आपला हात धरलेला कळला नाही. ती पुढे गेली, हात ओढला गेला तेव्हा वळली. माझ्या तोंडाकडे पाहून या वेळी ती हसली नाही.

"बाय," ती हळू म्हणाली, "काय आसा ह्या?"

मी म्हटलं, "आईक साखर नाय होती."

आवाज माझा मलाच आला नाही. मावशीने "काय?" म्हणून विचारलं. काकाने ऐकलं होतं. तो "सुमंगल" एवढंच म्हणाला, दाबून, ताकीद दिल्यासारखं. बाहेर खोळंबलेली माणसं दाराकडे वळून बघायला लागली होती. मी विनोदिनीचा हात सोडला नाही. मग वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा म्हणून लावते तो आवाज लावला.

"आईक महारोग होतो, काका. साखर मी आणि आईन मिळून सांगितली. माका तिची लाज वाटताली. ती जिवंत आसताना वाटताली, आणि आज तिचा पान वाढताना पण वाटली. रोगाचा औषध तिना घेतल्यान, ती बरी जाली होती, नसो तेवड्यो मेल्यो. विनोदिनीची नस अजून मरूक नाय आसतली. औषध आसा. उद्या सकाळच्या बशीन मी तिका घेवन जातलंय, आणि गोकुळदासाक पण. तुमी सगळ्यांनी आयकलां मगो? महारोग."